पेट्रोलच्या तीन दांड्या

मीटरकाकांना ताप आला की ते दोन थर्मामीटर लावायचे. एक पाऱ्याचा, एक बटणाचा. दोघांचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर तिसरा मागायला आमच्या दारात हजर, अंग सणसणून तापलेलं असताना, मफलर गुंडाळून, एक जिना उतरून. मी म्हणायचे, "अहो काका, डोळे बघा केवढे लाल झालेत. ताप आहे हे मला इथून दिसतंय." त्यावर ते म्हणायचे, "ताप आहे हे मलाही माहितेय, मीनाताई. या दोघांतला खोटं कोण बोलतोय ते बघायचंय." आणि त्या तापातही चेहऱ्यावर अशी उत्सुकता, की जणू आजारी दुसराच कोणीतरी आहे! आता अशा माणसाला काय म्हणावं?

मीटरकाका हे नाव आमच्या बदलापूरच्या बेलवलीतल्या सोसायटीनं ठेवलेलं. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी सगळी नोकरी केली ती इन्स्ट्रुमेंट खात्यात. म्हणजे कंपनीत जिथं जिथं काटा किंवा आकडा दाखवणारं काही असेल, तिथं जाऊन ते खरं दाखवतंय की नाही हे तपासायचं. रिटायर झाल्यावर कंपनी सुटली, तपासणं सुटलं नाही. भाजी घ्यायला निघाले की खिशात एक पितळी वजन असायचं. पण ते कोणाशी भांडत नसत बरं का. काटा कमी दाखवतोय म्हटल्यावर भाजीवाल्याला बाजूला सारून स्वतः खाली बसायचे, काटा उलटा करून काहीतरी फिरवायचे आणि नीट करून द्यायचे. त्यामुळे भाजीवाले त्यांच्यावर खूश. "या काका, आधी तुमचं वजन ठेवा," म्हणून लांबूनच हाक मारायचे.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती भांडणातून. मी उल्हासनगरला जीन्स शिवायच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. दिवसभर मशिनींच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यात मूळचं तोंड फटकळ. एका रविवारी मिक्सर बंद पडला म्हणून मी तो काखोटीला मारून वर गेले आणि म्हटलं, "काका, चालत नाही."

"चालत नाही म्हणजे काय करतो?"

"चालत नाही म्हणजे चालत नाही!"

"आवाज करतो का? वास येतो? गरम होतो? की नुसताच बसून राहतो?" काका शांतपणे म्हणाले. "'चालत नाही' हे आपलं मत झालं ताई. तो काय करतो ते सांगा."

मी फणकाऱ्यानं म्हटलं, मिक्सर नीट करायचाय, त्याचं स्थळ नाही बघायचं. काका एवढे हसले, एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून आमचं जमलं. आणि खरं सांगते, महिन्याभरात मी कारखान्यात मशीन बंद पडलं म्हणून आलेल्या पोरींना तेच विचारायला लागले. चालत नाही म्हणजे काय करतं ते सांग. पोरी मागून नकला करायच्या. अजूनही करतात.

काकांच्या घरी काकांशिवाय कोणी नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी सुजाता नर्स, ती लग्न होऊन अंबरनाथ पश्चिमेला राहायची. दर रविवारी ती सकाळी यायची, डब्यांतून आठवड्याच्या चटण्या, भाज्या आणायची, आणि बापाशी कडाकडा भांडून संध्याकाळी परत जायची. भांडणाचा विषय बहुतेक वेळा एकच असायचा, तो म्हणजे काकांची मोटरसायकल.

ही मोटरसायकल म्हणजे काकांचा जीव. गाडी जुनी, वीसेक वर्षांची. त्या काळात सगळ्या गाड्यांना काट्याचे मीटर असायचे आणि हिला आकडे दाखवणारा मीटर होता. वेग आकड्यांत, आणि पेट्रोल दाखवायला एकावर एक सहा काळ्या दांड्या, मोबाइलच्या रेंजच्या असतात तशा. निव्वळ त्या मीटरपायी काकांनी ही गाडी घेतली होती. शोरूमवाला मायलेज सांगत होता आणि काका विचारत होते, टाकीतलं पेट्रोल किती आहे हे या डब्याला कळतं कसं? त्याला उत्तर येईना. मग काकांनी घरी आणल्या आणल्या नवी कोरी गाडी उघडली! काकू तेव्हा होत्या. त्या म्हणे दोन दिवस बोलल्या नाहीत.

तर एकदा पावसाळा संपता संपता बारवी धरणाच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. मीटरवर मात्र तीन दांड्या. काका गाडी ढकलत आले, वाटेत एका दूधवाल्यानं मदत केली. घरी आल्यावर दमले होते, पण खुशीत होते. "मीनाताई, मीटर चक्क खोटं बोलला!" असं मला जिन्यातच सांगितलं. एखाद्या सज्जन माणसाला चोरी करताना आपण पकडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढे थंडीत तेच पुन्हा झालं, आणि या वेळी ते कर्जतच्या हायवेवर झालं. बाजूनं ट्रक चाललेले, आणि हा सत्तरीचा माणूस कडेनं गाडी ढकलतोय. सुजाताच्या हॉस्पिटलमधल्या कोणीतरी पाहिलं आणि तिला फोन केला. ती ड्युटी सोडून आली. मी घरीच होते, वरचे आवाज ऐकून मीही गेले.

"पप्पा, तुम्ही पेट्रोल भरायला विसरता," सुजाता म्हणत होती.

"मीटर तीन दांड्या दाखवत होता, सुजा."

"मीटरचं नाव सांगू नका! परवा गॅस चालू ठेवून तुम्ही खाली गेलात. मागच्या आठवड्यात मला एकच गोष्ट सांगायला दोनदा फोन केलात. तोही मीटरच का?"

हा मुद्दा माझ्याही लक्षात आला होता. मिक्सरचा किस्सा ते मला दर चार दिवसांनी नव्यानं सांगायला लागले होते, आणि मीही दरवेळी नव्यानं हसत होते. पण हे सुजाताला सांगायची माझी छाती झाली नव्हती.

"गाडी विकायची," सुजाता म्हणाली. "बस्स झालं. उद्या ट्रकखाली गेलात तर मी काय करू?"

काकांनी खिशातून चावी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "असं करू. मीटर तपासू. खोटा निघाला तर दुरुस्त करीन आणि गाडी राहील. खरा निघाला तर चावी तुझ्या हातात. पण तपासणी होईपर्यंत तूही मला विसराळू म्हणायचं नाही, आणि मीही मीटरला खोटारडा म्हणणार नाही."

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. "मीनाताई माझ्यासोबत राहतील," ते म्हणाले. "आपणच आपल्याला पास करून चालत नाही. आमच्या खात्यात तपासणारा वेगळा आणि बघणारा वेगळा असायचा."

झालं! आले मी मध्ये. एकीकडे म्हाताऱ्याची गाडी, दुसरीकडे पोरीचा जीव टांगणीला. आणि गाडीपेक्षाही मोठी एक गोष्ट होती, ती कोणीच तोंडानं बोलत नव्हतं. मीटर खरा निघाला, तर काकांचं डोकं बिघडायला लागलंय असा त्याचा अर्थ होणार होता.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही बसलो. माझ्या हातात बॅटरी आणि मल्टीमीटर, काकांच्या हातात पाने. जाणारा येणारा थांबून विचारत होता, काय झालं काका, आणि काका प्रत्येकाला "जय भीम" करून सांगत होते, "अजून कळलं नाही. तीच तर मजा आहे."

साध्यापासून सुरुवात. आधी गाडीची बॅटरी, मग अर्थिंग. काका म्हणायचे, निम्मे मीटर अर्थिंगपायी बदनाम होतात. अर्थिंगची वायर फ्रेमला जिथं कसलेली होती, तिथं त्यांनी पॉलिश पेपर मारला, पुन्हा कसली. मीटरवर काही फरक नाही. मग टाकीखालचा कपलर, म्हणजे जिथं टाकीतली वायर मीटरच्या वायरला जोडते तो प्लास्टिकचा चिमटा, तो सोडवला. "आता बघा हं," काका म्हणाले. कपलर मोकळा सोडला तर मीटरवर सगळ्या दांड्या गायब. मग त्यांनी तांब्याची बारीक तार घेऊन कपलरची दोन्ही तोंडं जोडली. खाटकन सहाच्या सहा दांड्या उभ्या राहिल्या! मला एवढी गंमत वाटली की मी म्हटलं पुन्हा करा. काकांनी पुन्हा केलं. मग मी केलं.

"म्हणजे वरचा डबा निर्दोष," काका म्हणाले. "त्याला जे सांगाल ते तो दाखवतो. आता त्याला खालून कोण काय सांगतं ते बघायचं."

टाकीत एक तरंगता गोळा असतो, फ्लोट. पेट्रोल वर चढलं की तो वर, उतरलं की खाली. तो ज्या दांडीला असतो ती दांडी एका पट्टीवर घासत जाते, आणि ती कुठं टेकलीय त्यावरून मीटरला पेट्रोलचा अंदाज येतो. वर्षानुवर्षं घासून ती पट्टी मध्येच झिजते. दांडी तिथं आली की मीटर भरकटतो. हे सगळं काकांनी मला जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. मग आम्ही टाकी रिकामी केली आणि मापानं थोडं थोडं पेट्रोल ओतत दांड्या बघत बसलो. पहिली दांडी आली. दुसरी आली. तिसरी आली. एकही चुकली नाही. काकांनी गाडी हलवली, टाकीवर थापा मारल्या, इंजिन चालू करून मला सीटवर बसवून उड्या मारायला लावल्या. समोरच्या विंगमधल्या बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. दांड्या जागच्या हलल्या नाहीत.

म्हणजे मीटर खराच, मी मनात म्हटलं. काका मात्र आणखीच रंगात आले. "कायमचा बिघाड सोपा असतो. हा अधूनमधून येणाऱ्यांतला दिसतोय. आपण घरात असलो की न येणारा पाहुणा. टाकी उलटी करून फ्लोट काढावा लागेल. त्याला नवीन रबरी रिंग लागेल, जुनी एकदा काढली की गळते."

रिंग आणायला मी त्यांना माझ्या स्कूटरवर बसवून उल्हासनगरला नेलं. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारं एक लहानसं दुकान काकांचं ठरलेलं. दुकानदार सिंधी. त्याला काका 'साईं' म्हणायचे आणि तो त्यांना 'काका' म्हणायचा. काउंटरवर डबे रचलेले, त्यामागून त्याचं फक्त कपाळ दिसायचं. काकांनी गाडीचं मॉडेल सांगून रिंग मागितली.

"क्या हुआ काका, फिर गड़बड़? वो नया फ्लोट भी खराब निकला क्या?"

"कौनसा नया फ्लोट?"

"अरे, दिवाली के आसपास आप ही तो लेके गए! पुराना वाला साथ में लाए थे मिलाने को। पट्टी बीच में से पूरी घिसी हुई थी।"

काका हसले. "वो कोई और होगा साईं."

साईंनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि पाकीट उघडून बसले. तोही शहाणा. म्हणाला, "होगा, होगा। इतने लोग आते हैं." आणि रिंग कागदात गुंडाळून दिली. परतीच्या वाटेवर काका मागे बसून नेहमीसारखे बोलत होते. उल्हासनगरात काय मिळत नाही, जुन्या रेडिओचा बल्बसुद्धा मिळतो, वगैरे. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. काकांच्या खात्यात एक रीत होती. मीटर दुरुस्त केला की त्याच्या नटावर रंगाचा एक ठिपका द्यायचा, अर्धा नटावर, अर्धा पत्र्यावर. ठिपका मोडला तर कोणीतरी नट फिरवलाय हे कळतं. आणि प्रत्येक माणसाचा रंग ठरलेला. उद्या मीटर चुकला तर शेवटचा हात कोणाचा लागला होता हे विचारायला नको. काकांचा रंग हिरवा. रिटायर झाल्यावर तो रंग कुठून आणायचा, म्हणून ते नेलपॉलिश वापरायचे. हिरवंगार नेलपॉलिश! माझा मिक्सर, समोरच्यांची इस्त्री, भाजीवाल्यांचे काटे, सगळ्यांच्या बुडाशी हिरवे ठिपके. सुजाता कपाळावर हात मारायची की माझा बाप दुकानात जाऊन नखांचे रंग निवडतो.

पार्किंगमध्ये चादर पसरून आम्ही टाकी उलटी केली. बॅटरी माझ्या हातात होती, म्हणून मला आधी दिसलं. चार नट आणि चारही नटांवर हिरवे ठिपके. ठिपके ताजे, चकचकीत, एकही मोडलेला नाही.

मी झटकन बॅटरी बाजूला घेतली. "काका, अंधार पडतोय. पुढच्या रविवारी बघू."

"उजेड आहे भरपूर. बॅटरी इकडे धरा."

"कंपनीवालेच लावत असतील असे ठिपके," मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, तसा चढला.

काकांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली. ते वाकले. बोट फिरवून एकेक ठिपका पाहिला. मग जमिनीवर मांडी घातली. मला वाटलं रडतील.

"हात माझाच आहे," शेवटी ते म्हणाले. "साईं बरोबर सांगत होता. मी फ्लोट आणला, मी बसवला. आणि मला यातलं काहीही, काहीही आठवत नाही, मीनाताई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या बाजूला तीच जुनी उत्सुकताही होती. "म्हणजे पहिल्या वेळी मीटर खोटा होता. दुसऱ्या वेळी पहिल्याच वेळच्या दांड्या सांगणारा मी."

"काका, सुजाताला सांगायची गरज नाही," मी म्हटलं. "फ्लोट खराब होता, आपण नवीन टाकला. एवढंच सांगू. मी सांगते. मी बघणारी आहे ना?"

"बघणारी आहात म्हणून तर नाही सांगायचं तसं." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "माझ्या हाताखालून एकही मीटर खोटा पास झाला नाही. आता या वयात मलाच पास करू?"

वर सुजाता पोळ्या लाटत होती. काकांनी हात धुतले, पुसले, आणि ओट्यावर तिच्या पोळपाटाशेजारी चावी ठेवली. "मीटर बरोबर आहे, सुजा. फॉल्ट माझ्यात आहे. कोण डॉक्टर बघतात यातलं, ते तुला माहीत असेल."

एवढे महिने चावी मागणाऱ्या सुजातानं ती चावी लाटण्यानं लांब ढकलली. "नाही," ती म्हणाली, "पप्पा, पुन्हा तपासा ना. मीटर खराब असेल. नीट बघितलं नसेल तुम्ही. मीटर खराब आहे म्हणा ना पप्पा." आणि पिठाचे हात तसेच तोंडावर धरून हमसून हमसून रडायला लागली. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तव्यावरची पोळी करपली, मी गॅस बंद केला.

पुढे ठाण्याच्या डॉक्टरांकडे जाणं झालं, तपासण्या झाल्या. सुजाता सांगायची, पप्पा डॉक्टरांनाच प्रश्न विचारतात. तुम्ही मला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगता, पण रात्री झोप न झालेला माणूस किती शब्द सांगतो ते तपासलंय का? डॉक्टर बिचारे हसून उत्तरं द्यायचे. त्यांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कुठल्या टोकाकडून सुरू होतं? नव्याकडून की जुन्याकडून?" नव्याकडून, डॉक्टर म्हणाले. "बरं झालं," काका म्हणाले, "जुना माल चांगला आहे."

गाडी विकली नाही. ती मी चालवायला शिकले. आमचे हे म्हणाले, आता या वयात! मी म्हटलं, का, माझं वय तपासलंय का कोणी? रविवारी मी पुढे आणि काका मागे, असे आम्ही बारवीच्या रस्त्यानं जायचो. वाटेत ते स्वतःची तपासणी घ्यायचे. कल्याणपासून कर्जतपर्यंतची स्टेशनं म्हणायची, खात्यातल्या माणसांची नावं म्हणायची, माझ्या कारखान्याचा रस्ता सांगायचा. मी चुका काढायच्या. एका रविवारी स्टेशनं म्हणताना ते वांगणीवरून थेट भिवपुरीला गेले. मी म्हटलं, "काका, शेलू आणि नेरळ राहिलं."

"नेरळ राहिलं?" मागून आवाज आला. मग जरा वेळानं, "कमाल आहे. नेरळला तर मी तुमच्या काकूला पहिल्यांदा बघायला गेलो होतो. ते आठवतंय, पोह्यांत मीठ जास्त होतं तेही आठवतंय, आणि स्टेशन तेवढं गेलं. हे कसं होत असेल हो?" मला गाडी चालवताना समोरचं धूसर दिसायला लागलं. त्यांना मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं.

वर्षभरात त्यांचं एकट्यानं राहणं अवघड झालं. सुजातानं त्यांना अंबरनाथला नेलं. जायच्या दिवशी सगळी सोसायटी खाली उतरली होती. काका प्रत्येकाचा हात हातात घेऊन बोलले. काहींची नावं चुकली, ती कोणी दुरुस्त केली नाहीत. मला म्हणाले, "तुमचं तोंड असंच ठेवा, मीनाताई. कारखाना त्याच्यावर चालतो."

गेल्या वर्षी काका गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. पण मला त्यांची शेवटची आठवण सांगायची आहे ती त्याआधीची.

मी अंबरनाथला त्यांना भेटायला गेले तेव्हा सुजाता हॉस्पिटलला निघायच्या तयारीत होती, अंगावर पांढरा गणवेश होता. तिनं दार उघडलं आणि न बोलता आत चहा टाकायला गेली. मी कोपऱ्यात चपला काढल्या, हेल्मेट हातात धरून आत गेले. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. खूप बारीक झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या बघण्यात ओळख नव्हती. इतके दिवस सुजाता फोनवर सांगत होती, तरी मला ते सोसलं नाही. मी म्हणायला गेले, काका, मी मीना.

त्यांनी हात वर केला. "थांबा. सांगू नका. शोधू द्या."

मी उभीच राहिले. त्यांनी मला पायांपासून न्याहाळायला सुरुवात केली. घाई नाही, काही नाही.

"हातात हेल्मेट आहे. म्हणजे गाडीवरून आलात. लांबून?"

"बदलापूरहून."

"हं. या सिस्टरनी तुम्हाला कोण, काय, काही विचारलं नाही. सरळ आत घेतलं." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. तिथं सुजाता गाळणी हातात धरून उभी होती. तिला ते सिस्टर म्हणत होते. "चपला कुठं काढायच्या तेही तुम्हाला माहीत होतं. म्हणजे पहिल्यांदा आलेल्या नाहीत."

"नाही काका."

"काका म्हणता." ते थोडे पुढे झुकले. डोळे असे चमकत होते, की मला क्षणभर वाटलं आता नाव येतं ओठांवर. "आणि मघाशी मी तुमच्याकडे बघितलं, तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं. परक्याला कशाला वाईट वाटेल?"

मी नुसती मान हलवली.

"नाव नाही सापडत," ते म्हणाले. "पण तुम्ही आमच्यातल्याच. एवढं पक्कं झालं. बसा."

मी बसले. काकांनी समाधानानं मान मागे टेकवली. मग काहीतरी राहून गेल्यासारखे ते पुन्हा सरळ झाले आणि सुजाताकडे बघत राहिले, बराच वेळ, कपाळाला आठ्या घालून.

"सिस्टर," ते जरा संकोचून म्हणाले, "मी तुम्हाला सिस्टर म्हटलं की तुमचाही चेहरा तसाच होतो. मी पाहिलंय." मग हळूच खुर्चीशेजारच्या पलंगावरची उशी सरकवून त्यांनी जागा केली. "म्हणजे तुम्हीपण आमच्याच. या, तुम्हीपण बसा."

सुजातानं गॅस बंद केला आणि येऊन बापाच्या शेजारी बसली.